पाण्यात बुडवायची पट्टी

६ मार्च

पट्टी आजही मुकी. पाण्यात मुद्दाम शिसं घातलं, पट्टी बुडवली, तरी पडद्यावरची रेघ सपाट ती सपाटच. शिसं सापडलं की रेघेचा डोंगर व्हायला हवा. पट्टी छापायच्या शाईत महागडा कार्बन घातला की होतो — पण एकदा बुडवून फेकायची पट्टी इतकी महाग कोण घेणार? लॅबच्या मॅडम म्हणाल्या, "स्वस्तातलं काहीतरी शोध." जणू कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणार आहे.

९ मार्च

टायरच्या रबरात घालतात ती काळी भुकटी आणली. पोत्याने मिळते. दिवसभर शाईत खलत बसले. हात, नाक, चहाचा कप — सगळं काळं. ताईने दारातच अडवलं. "खाणीत नोकरी धरलीस की काय?" सातवा महिना आहे तिला. दाजी कामासाठी परगावी, म्हणून माझ्याकडे राहायला आलीय.

१० मार्च

डोंगर!

११ मार्च

दुपारभर नुसती बघत बसले. निळी रेघ हळूच चढते, माथ्यावर जरा रेंगाळते, उतरते. ऊन टेबलावरून सरकत पट्ट्यांवर आलं, काळी शाई मखमलीसारखी दिसायला लागली. त्या उतारावर घर बांधावं, ताईचं बाळ तिथे गवतात लोळावं — असं काहीबाही मनात येत राहिलं. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या तेही कळलं नाही. "काम झालं असेल तर जमिनीवर ये," म्हणाल्या. पण हसत होत्या.

१४ मार्च

आता रोजचं पाणी. लॅबच्या नळाचं तपासलं — सपाट. घरून बाटली भरून नेली होती, त्यात मात्र डोंगर! मॅडमनी मान हलवली. "नळाच्या पाण्यात सतरा गोष्टी असतात. पट्टीला भास होतोय."

भास होणारी पट्टी. माझ्यावरच गेलीय.

१७ मार्च

शाई नव्याने केली, पट्ट्या नव्याने छापल्या. घरच्या पाण्यात पुन्हा तेच. तिथे कुठलं आलंय शिसं? नवी इमारत, चकचकीत नळ, काचेसारखं पाणी. कुठे चुकतंय समजत नाही. मॅडमनी बाटली मोठ्या मशीनवर तपासायला पाठवली — खरा आकडा हातात असला की पट्टीचा दोष धरता येईल म्हणे.

संध्याकाळी ताईने माझा हात ओढून पोटावर ठेवला. आतून ढुशी! "मावशी उदास आहे, कळतं त्याला," ती म्हणाली. किती वेळ हात काढवेना. पट्टी, शाई, सगळं विसरले.

१९ मार्च

मोठ्या मशीनचा आकडा आला. पट्टीत दोष नाही. शिसं आमच्याच पाण्यात आहे.

लगेच ताईला फोन लावला. "थांब गं," ती म्हणाली, "पाणी पिऊन घेते."