झाकणं न उघडल्याची शाबासकी

ती. बाबांना वाकून नमस्कार.

मी बरी आहे, खोलीही हवेशीर मिळाली. तुमचा गुडघा काय म्हणतो?

मागच्या महिन्यात ऑडिटसाठी तेलाच्या गोदामात गेले होते. झाकणं उघडून पाहिली, तर नऊ पिंपांत नुसतं पाणी! तसं लिहून दिलं. साहेब सगळ्यांसमोर खेकसले, "तुला मोजायला पाठवलं होतं, नाक खुपसायला नाही." कागद माझ्यादेखत फाडला.

काल पुन्हा तिथंच पाठवलं. मी एकाही झाकणाला हात लावला नाही. पिंपं मोजली, सही ठोकली. साहेब म्हणाले, "आता खरी तयार झालीस!"

नोकरीतलं हे पहिलं कौतुक. ऐकताना मान वर करवेना, बाबा.

आईला एवढंच सांगा, साहेब माझ्यावर खूश आहेत.

तुमची,
धाकटी