गोली घेतलीस का गो?

५ मार्च १९५७

पडले! भर मासळीबाजारात, भीमाबाईच्या कोलंबीच्या पाटीत!

मला एवढंच आठवतं — गिऱ्हाइकाशी सुरमईचा भाव करत होते, तोंडाला तांब्याची चव आली. मग एकदम वर पत्रे आणि भोवती लुगडीच लुगडी. मधलं सगळं दुसऱ्यांनी सांगितलेलं. भीमाबाई म्हणते, "डोले पांडरे झाले, मी म्हटलं गेली पोर!" शेजारची जनी म्हणते, कुठे काय, नुसती थरथरली आणि निजली. सासूबाई काहीच म्हणत नाहीत. घरी येईपर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.

पोटावर पडले नाही, कुशीवर पडले. पाचवा महिना. बाळ हलतंय — आत्ताच हललं!

केसांतून अजून कोलंबी निघतेय.

६ मार्च

डॉक्टर टिपणीसांकडे गेलो, मी आणि सासूबाई.

"गोळी कुणी बंद केली?" पहिला प्रश्न हाच.

फेफरं मला लहानपणापासून. लग्नाआधी बाबांनी काही लपवलं नाही. हे म्हणाले होते, "गोली आनू की, त्यात काय!" रोजची एक पांढरी गोळी, आणि लग्न झाल्यापासून एकदाही पडले नव्हते. पण दिवस गेले तसं सुईण भामा म्हणाली, "ती निजेची गोली हाय. पोर निजकं होईल." सासूबाई घाबरल्या, मीही घाबरले. सोडली.

"मी बंद केली," सासूबाई म्हणाल्या.

"आम्ही दोघींनी," मी म्हटलं.

डॉक्टर ओरडले नाहीत. चष्मा पुसत बसले. "ह्या गोळीचं पोटातल्या बाळावर काय होतं ते मला पुरतं ठाऊक नाही. खोटं कशाला सांगू? कदाचित सुस्त जन्मेल. पण कृष्णाबाई, ही खाडीच्या काठी पडली तर काय होईल, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "आजपासून गोलीचं मी बघते."

१९ मार्च

बघते म्हणजे काय! मी बाजाराच्या ह्या टोकाला, सासूबाई त्या टोकाला. मधे शंभर माणसं. आणि आरोळी — "शांते! गोली घेतलीस का गो?"

सगळा बाजार माझ्याकडे बघतोय! बर्फवालाही. एक काकू पापलेटं निवडता निवडता थांबल्या — "कसली गो गोळी?" वाटलं, पाटी डोक्यावर पालथी घालून बसावं.

संध्याकाळी ह्यांच्यापाशी तक्रार केली. हसून हसून खाली बसले. "आता पेपरात छापायचं रायलं!"

(हे म्हणजे दिनानाथ. वहीत नाव लिहिलं तर चालत असेल. इथे कोण ऐकतंय! दिनानाथ, दिनानाथ, दिनानाथ.)

२ मे

गोळी घेतली. खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण. बाळाच्या लाथा.

आता भीमाबाई विचारते, जनी विचारते, बर्फवाला विचारतो. लाज वाटायची बंद झाली, कधी ते कळलं नाही.

२३ जून

पाऊस लागला, होड्या काठावर ओढल्या. हे घरी. दिवसभर जाळी शिवतात आणि माझ्या पोटाशी गप्पा मारतात.

गोळी घेतली की बाळ गप्प होतं. मग मी पोटावर हात ठेवून बसते, हलतं का बघत. आज ह्यांनी कान लावला. "निजलंय." मी श्वास धरून. तेवढ्यात कानावरच लाथ! "आये! मारलान मला!"

चुलीपासून सासूबाई — "बापाला वलकतंय!"

१४ जुलै

मुलगी!! काल दुपारी. भामानेच सोडवलं, डॉक्टर ओटीवर चहा पीत बसलेले. सावळी, कपाळभर केस. मांजरीएवढं रडली आणि निजली.

१५ जुलै

उठत नाही. अंगाशी घेतलं तरी ओढत नाही. गालाला बोट लावलं की ओठ जरासे हलतात, मग परत झोप.

माझ्याच गोळीने.

भामा येऊन दारात उभी राहिली. सांगितलं होतं ना, असं म्हणाली नाही. हात धुतले आणि जवळ बसली.

डॉक्टर आले, छाती ऐकली. "दम चांगला आहे. अंगातली गोळी उतरायला हवी. तोवर जागी करा, पाजा. कसंही करून!"

कसंही करून म्हटल्यावर कोळीवाडा कशाला मागे राहतोय! धाकटा दीर विठू ताट घेऊन आला आणि बडवायला लागला. भीमाबाई तळपायांना ओलं फडकं लावतेय. जनी कानाच्या पाळ्या चोळतेय. मी दूध काढून देतेय, सासूबाई बोंडल्याने थेंब थेंब घालताहेत. ह्यांनी होडीवरचं गाणं म्हटलं — इतकं बेसूर, की पोरीने कपाळाला आठी घातली!

"जागी झाली! गा, गा, आनखी गा!" सगळ्या ओरडल्या. बिचारे घसा बसेपर्यंत गायले.

१८ जुलै

ओढलं! स्वतःहून. जोरात. दुखलं आणि मी हसत होते.

२५ जुलै

आता निजतच नाही! किंचाळते, मुठी आवळते, हनुवटी कापते. आज दोन्ही हात थरथरायला लागले. सासूबाईंचा चेहरा पार उतरला. "हिला पन काय गो?"

तेच माझ्याही मनात.

हे पळत जाऊन डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टर म्हणाले, "शांताबाई, हात धर तिचा. हळू." धरला. थरथर थांबली. सोडला, परत सुरू. धरला, थांबली.

"फेफरं असतं तर धरून थांबलं नसतं. पोटात तिला गोळीची सवय झाली होती, ती सुटतेय. माझा अंदाज आहे हा. थोडे दिवस रडेल. उचलून घ्या, पाजत राहा. आणि तू तुझी गोळी सोडायची नाहीस."

म्हणून पाळीपाळीने उचलून घेतोय. भामाची पाळी सगळ्यात मोठी. द्यायलाच मागत नाही.

१४ ऑगस्ट

बारसं. रडणं पुष्कळ कमी झालंय, पाहुण्यांपुरतं उरलंय. नाव काय ठेवायचं? विठू म्हणाला, "आख्ख्या कोलीवाड्याने जागी केली. जागृती ठेवा!" सासूबाईंनी चारदा म्हणून बघितलं, जीभ वळेना. "जागू," म्हणाल्या. झालं.

३० मार्च १९५८

जागू रांगते. सुक्या बोंबलाचं शेपूट चघळते. गोळी घेतली.

९ ऑक्टोबर

चालली! चार पावलं, आणि थेट सुकत घातलेल्या जाळ्यात. गुरफटली आणि ओरडली. ह्यांनी सोडवलं — "आज येवढीच घावली!"

२२ नोव्हेंबर

आज जागूला आकडी आली.

सकाळपासून ताप होता. सासूबाईंच्या मांडीवर असताना अंग ताठ झालं, डोळे वर गेले. सासूबाई किंचाळल्या. भीमाबाई हुंगवायला कांदा आणायला धावली. मी घेतलं तिला. चटईवर कुशीवर केलं, मानेखाली हात घातला, तोंड पुसलं. "तोंडात काय घालू नका. थांबा जरा." माझाच आवाज! जराही कापला नाही.

थांबलं. पुष्कळ वेळ वाटला, पण थांबलं.

डॉक्टर म्हणाले, तापातली आकडी, बहुतेक मुलांची मोठेपणी जाते. आत्ता गोळी नको, ताप उतरवा. ताप उतरलाय.

इतकी वर्षं हे माझ्या अंगात येत होतं आणि मी आज पहिल्यांदा बघितलं. आत्ता कळलं, त्या दिवशी सासूबाई का बोलत नव्हत्या.

जागूने डोळे उघडले, एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. काय झालं ते तिला कुठून आठवणार! मी तिच्या कानाशी सांगितलं — पडली नाहीस गो. मी धरलं होतं.