तिसऱ्या क्रेटमधलं बोळकं

९ जानेवारी २००३

आज लिहीन, उद्या लिहीन म्हणत पंधरवडा गेला. वही उशाशी, हात मांज्यात. असो! आता लिहावंच लागतंय. कोणीतरी माझ्यावर डाव टाकतंय.

आचोळ्याच्या शाळेत सुहासिनी मॅडम सातवीला पुरातत्त्वाचं खोदकाम शिकवतात, मी मदतीला. बारावी अर्धवट सोडलेला मी — आणि शिकवायला! मासळीचे रिकामे क्रेट, त्यात मातीचे थर. तळाला खापरं, मध्ये बांगड्यांचे तुकडे, वर पेनाची टोपणं. मुलं सुतळीचे चौकोन आखून ब्रशने उकरतात. जे खाली, ते जुनं. कुठे काय पुरलंय ते फक्त मला माहीत.

आणि आज तिसऱ्या क्रेटच्या तळातून बोळकं निघालं. झाकण लिंपून बंद केलेलं. मी ते पुरलेलंच नाही! मॅडम म्हणाल्या, "आधी माप, मग चित्र. उघडायचं उद्या."

१० जानेवारी

ऋतिका नावाच्या पोरीने झाकण काढलं. आत तांब्याचं नाणं आणि काहीतरी काळं, वाळकं, पिळवटलेलं. शिपाई सदानंदकाका दारातूनच ओरडले — "करणी आहे ही! हात लावू नका रे!" अर्धा वर्ग बाकांवर चढला.

मॅडमनी मला बाजूला घेतलं. "गंमत म्हणून ठेवलंस ना? खरं सांग." नाही म्हटलं. पटलं नाही त्यांना. सोमवारी पालक येणार. तोवर उलगडा झाला नाही तर तास बंद. मग माझीही सुट्टी.

आजवर एक काम धड टिकवलं नाही. हे टिकवायचं होतं.

११ जानेवारी

संशय सदानंदकाकांवर. या खोलीत त्यांचा कॅरम असायचा, आमच्यामुळे गेला. मुद्दाम विचारलं, "काका, करणी आहे हे तुम्हाला बरं लगेच कळलं?" तर म्हणे, "अरे, गावाला पाहिलंय. तू काय पोलीस लागून गेलास?" नजर चुकवली — की मलाच तसं वाटलं?

मॅडमही असतील. परीक्षा घेत असतील माझी.

१२ जानेवारी

रविवार. शाळेची किल्ली मागून घेतली, क्रेटपाशी बसलो. मॅडम मुलांना सांगतात तेच केलं — वस्तू सोडा, आजूबाजूची माती बघा. एका लाल, कडक ढेकळात बोळक्याचा ठसा. ढेकळात आणि बोळक्यालाही केसासारखी बारीक मुळं, विळखा घालून. बोळकं कोणीही पुरेल. मुळं कशी गुंडाळणार?

म्हणजे ते ढेकळात दडून मातीबरोबरच आलं. आणि माती आणली कोणी? मी! मॅडमनी अर्नाळ्याची रेती सांगितली होती. वाटेत वटार गावात क्रिकेटची मॅच लागली, तिथेच रमलो. मग शेजारच्या विकलेल्या वाडीत फणस मुळासकट काढला होता, त्या खड्ड्यातली माती भरली. कोण बघतंय!

बोळकं पिशवीत घालून सायकलने वटारला गेलो. वाडीला पत्रे ठोकलेले. राखणदार पास्कल विडी पीत बसला होता. त्याला बोळकं दाखवलं, कुठल्या खड्ड्यातलं ते सांगितलं.

"फनसाखाली? मंग नाळ असंल. पोर झालं का पुरतात, वर झाड लावतात. ते झाड त्या पोराचं. वाडी तेरेसाबायची होती. पन तिच्यासमोर जाव नको. झाड पाडलं तवापासून ती कोनाशी बोलत नाय."

तिचं घर समोरच. कुंपणापर्यंत गेलो आणि मागे फिरलो. बोळकं पिशवीतच राहिलं. पास्कल तिला सांगणार. नक्की सांगणार!

१३ जानेवारी

मॅडमना सगळं सांगितलं. त्या "रेती सांगितली होती ना?" एवढंच म्हणाल्या आणि पालकांसमोर गेल्या. आत आवाज चढलेत. मी पायरीवर.

सदानंदकाका धावत आले — "गेटवर एक म्हातारी आलीय. बोळकंवाला पोरगा कुठाय विचारते."

झालं! पोलीस घेऊन आली असणार.

नाही. एकटीच आहे. काखेत फणसाचं रोप. म्हणते, "माज्या लुईसची नाळ हाय ती. वाडी तं गेली. तुमच्या शाळेत जागा द्याल काय?"