आमच्या रिकाम्या बादलीचा गौरव

तीर्थस्वरूप दाजींना साष्टांग नमस्कार,

तुमची कंबर आता वाकू देते का? ताईचा खोकला थांबला नसेल तर तिला सांगा, औषध बाटलीत ठेवून गुण येत नाही. इकडे सर्व क्षेम आहे, निदान हे पत्र लिहीपर्यंत तरी.

आमच्या कँटीनमध्ये नव्या मॅनेजरबाई आल्या आहेत. आल्या आल्या सगळ्यांकडे पाहून हसल्या, तेव्हाच मला खटकलं. पृथ्वी वाचवायची म्हणून प्रत्येकाने आपापल्या नावाच्या बादलीत कचरा टाकायचा आणि संध्याकाळी त्याचं वजन करायचं, असा त्यांचा हुकूम. पृथ्वी ज्याने केली तो ती सांभाळायला समर्थ आहे (शेगडी पेटवताना मी त्याचं नाव घेतोच). पण बादलीवर माझं नाव कशाला? भांडी घासणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ज्याची बादली जड, त्याला नारळ." पन्नाशीला टेकलेल्या आचाऱ्याला दुसरीकडे कोण उभं करतं, दाजी?

मग सगळ्यांचा फोटो काढला. आमच्याकडे सर्व तऱ्हेची माणसं कामाला आहेत, हे म्हणे जगाला दाखवायचं होतं. मावशींना पुढे बसवलं, ऐकू न येणाऱ्या भट्टीवाल्याला मधे, आणि मला 'ज्येष्ठ' म्हणून खुर्ची दिली. बोकडाला कोवळा पाला कधी मिळतो, हे आपण जाणतोच. भट्टीवाल्याने गळ्यावरून बोट फिरवून तेच सांगितलं.

तेव्हापासून आम्ही साली आणि देठं पिशवीत भरून घरी नेतो. (हिने पिशवी उघडून पाहिली आणि म्हणाली, "चोरीच करायची तर आतला कांदा तरी आणायचा!") परिणाम असा की वजनकाटा हलेना आणि आमचं स्वयंपाकघर आदर्श ठरलं. सोमवारी इतर कँटीनचे आचारी माझ्याकडून युक्ती शिकायला येणार आहेत. खरं सांगावं तर नोकरी जाते, खोटं शिकवावं तर देवापुढे कोणत्या तोंडाने उभा राहू?

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला धाकटा मेहुणा

ता. क. न्हाणीघरात पोती रचली आहेत, अंघोळीला अंग चोरून उभं राहावं लागतं. तुमच्या म्हशींना साली चालतात ना? रविवारी टेम्पो पाठवा.

ता. क. दुसरा. टेम्पो मोठा पाठवा. पाकीट चिकटवणार तोच मॅनेजरबाई दारात! पत्ता मावशींनी दिला. वरच्या साहेबांनी बाईंच्याही नावाची बादली ठेवली आहे आणि बाईंच्या गाडीच्या डिकीत सालींची तीन पोती लपवलेली आहेत. म्हणजे मला नारळ देणं आता त्यांना जमणार नाही. सोमवारी बोलणार त्या, मी नुसता उभा राहणार. गप्प राहणं देवाकडे खोट्यात धरतात का, हे ताईला विचारून कळवा. पण टेम्पो आधी पाठवा.