बेण्याच्या उसातली पिल्लं

३० सप्टेंबर २००९

उद्यापासून वन्यजीव सप्ताह. हेडमास्तरांनी सगळा माझ्या गळ्यात घातला — "तुम्ही डोंगरातल्या, बिबट्याचं तुम्हीच बघा!" जसा काय मी माहेराहून सोबतच आणलाय!

घोषणा लिहून काढल्या. घरमालक कुंडलिकभाऊ ओट्यावरून बघत होते. यांच्या चार वर्षांच्या लेकीला, इंद्रायणीला, २००१ मध्ये अंगणातून बिबट्यानं नेलं. मला लाजल्यासारखं झालं. तक्ते उलटे करून ठेवले.

गावाला त्यांच्या उसात पिंजरा हवाय. मळा त्यांचा, तेव्हा शब्दही त्यांचा. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. मी मात्र ठाम आहे — एक धरून नेला की त्याच्या जागी दुसरा येतो. पिंजरा नको.

१ ऑक्टोबर

फेरी झाली. पोरं ओरडली, "बिबट्या दिसला तर पळू नका!" पारावरची एक म्हातारी म्हणाली, "आमी कुटं पळतो गं? त्योच आमची शेरडं पळिवतो!" सगळी हसली. मीही.

मग भाषणात माहेरची वाघबारस सांगितली. आंबेगावच्या डोंगरात आम्ही वाघोबाला खीर दाखवतो आणि म्हणतो, बाबा, तू रानात राहा, आम्ही घरात राहतो. भाऊंचा पुतण्या संपत मागून म्हणाला, "तुमच्याकडं आसंल देव, मॅडम. हितं लई माजलाय." टाळ्या त्यालाच जास्त पडल्या. मेला!

३ ऑक्टोबर

काय हा दिवस!

भाऊंच्या मळ्यात संपत आणि गडी लागणीसाठी उसाचं बेणं तोडत होते. सरीत दोन पिल्लं सापडली. टोमॅटोच्या क्रेटमध्ये घालून थेट शाळेत! "घ्या मॅडम, तुमच्या सप्ताहाला खरीखुरी!" हेडमास्तरांनी नारळ फोडला. कुणी कुंकू लावलं. अख्खी शाळा हात लावून गेली. आणि मी? मी माझ्या लेकीच्या, आरोहीच्या, मांडीवर एक ठेवून फोटो काढून घेतला. सप्ताह घेणारी बाई!

कुंडलिकभाऊ आले, क्रेटमध्ये बघितलं. "आन् ह्यांची आई कुटंय?"

कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याही.

वनखात्याचे लोक आले. म्हणाले, अंधार पडला की पिल्लं होती तिथंच ठेवायची, आई घेऊन जाते. संपत म्हणतो, पिल्लं पिंजऱ्यामागं ठेवा, आईपण घावंल. भाऊ म्हणाले, "उद्या सांगतो." पिल्लं खात्याच्या जीपमध्ये. रात्रभर उसातून त्यांची आई ओरडत होती. आरोही मला चिकटून झोपली.

४ ऑक्टोबर

सकाळी भाऊंकडे गेले. अर्धा तास बोलले. पाठ केलेलं सगळं बोलले. बयाबाई, त्यांची बायको, चहा ठेवून चुलीपाशी बसल्या.

भाऊंनी एवढंच विचारलं, "तुमची आरोही केवडी?"

"पाच."

"आमची चार व्हती."

मग म्हणाले, "पोरगी गेली तवा ही रातभर अशीच वरडत व्हती. काल ती वरडली, तर ही उठून बसली. दोघं बी बसलो." बयाबाईंनी मान वर केली नाही. "पिंजरा नको. ठिवा पिल्लं जागंवर."

घरी येऊन खूप रडले. या माणसाला मी शिकवायला गेले होते!

५ ऑक्टोबर

काल रात्री पिल्लं ठेवली, पण आई नाही आली. पिल्लांना माणसाचा वास लागला असेल. आम्हीच लावला. आज पुन्हा ठेवणार.

६ ऑक्टोबर

नेली! दोन्ही नेली! क्रेट आडवा पडला होता, आत काही नाही. शाळेत पेढे वाटले. संपतसुद्धा पेढा घेऊन गेला, तोंड वाकडं करूनच.

७ ऑक्टोबर

समारोप. भाऊंचा सत्कार ठेवला होता, ते आलेच नाहीत. शेतीच्या लायटीची पाळी रात्रीची होती म्हणे, रात्रभर उसाला पाणी देऊन दमले होते. शाल मी घरी नेऊन दिली. बयाबाईंनी घडी न मोडता फडताळात ठेवली. गावात कुजबुज आहे — भाऊंनी शेपूट घातलं. तसं म्हणणाऱ्या दोघांशी मी भांडले. पिंजरा मागणाऱ्यांना जनावर कळत नाही, असंही म्हणाले. बरं वाटलं.

आता निवडणुकीचं ट्रेनिंग.

१० ऑक्टोबर

पहाटे दार उघडलं तर अंगणात पावलं. एक मोठं, मागं दोन छोटी. आरोही झोपते त्या खिडकीखाली माती तुडवलेली. बराच वेळ थांबली असावी.

तोंडसुद्धा धुतलं नाही. तशीच कुंडलिकभाऊंकडे गेले आणि म्हटलं — पिंजरा लावा.