फियाटचा चौथा बोल्ट

लातूर

श्री. माधवराव दाजी यांस रामकिशनचा शिरसाष्टांग नमस्कार. नांदेडात सगळे खुशाल असतील, अक्काचे गुडघे जरा बरे असतील आणि हे पत्र हाती पडेल तेव्हा तुमचं जेवण झालेलं असेल, अशी आशा करतो. (झालं नसेल तर आधी जेवून घ्या.) पत्रास कारण, चार दिवसांसाठी मागून आणलेली तुमची फियाट.

गाडी सुखरूप आहे, फक्त हलत नाही. रेणापूरहून येताना पुढचं डावं चाक पंक्चर झालं. कसंबसं दारापर्यंत आणून जॅक लावला. तीन बोल्ट निघाले. चौथ्याला पाना लावतोय तोच शेजारचे माणिकप्पा (मार्केट यार्डात मुनीम आहेत, पण सल्ला सगळ्या खात्यांत देतात) म्हणाले, डाव्या बाजूचे बोल्ट उलटे फिरतात. आता मी क्लासमध्ये पोरांना रोज स्क्रूचा नियम शिकवतो. पण तीन सुलटे निघाल्यावर चौथा उलटा कसा, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी उलटा फिरवला. मग सुलटा. मग पाना ढिला वाटला म्हणून मध्ये कापड घालून पुन्हा उलटा. शेवटी बोल्टाच्या कडा अशा गोल झाल्या की पाना नुसताच फिरायचा, आणि आपण नेमकं कुठल्या बाजूला फिरवून राहिलोय तेच मला कळेना.

तेवढ्यात घराला लागून असलेल्या शेडमधला क्लास सुटला. मेडिकलच्या पोरांनी बोल्ट रॉकेलमध्ये भिजवायला सांगितलं, इंजिनिअरिंगच्या पोरांनी पान्याला लांब पाईप लावायला. एकाने फळ्यावर चार पर्याय मांडून मतं घेतली, तर बहुमत 'यापैकी नाही'ला. (याच पोरांच्या जिवावर आपला जिल्हा बोर्डात गाजतो.) मी दोन्ही उपाय केले. हाताला रॉकेलचा वास लागला, बाकी काही नाही.

इकडे आईचं तुम्हाला ठाऊकच आहे. भूकंपाला वर्ष उलटलं तरी ती घरात झोपत नाही. भिंतीकडे बघत दाराशी बसून रात्र काढते. अंगणात बाज टाकून दिली, ती पावसाने आत आणली. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. गाडी दारात आहे तर तिच्यात पडा, असं विमलने सासूबाईंना सुचवून पाहिलं. त्यावर आई म्हणाली, "लेकीच्या घरचं मी पाणी घेत न्हाई. गाडीत झोपू व्हय?" विषय तिथंच संपला.

दुसऱ्या दिवशी माणिकप्पांनी थोडा लहान बॉक्स पाना आणला आणि हातोड्याने बोल्टावर ठोकून बसवायला घेतला. प्रत्येक ठोक्याला शेडचे पत्रे खडखडत होते. बघता बघता भूकंप समजून सगळी गल्ली रस्त्यावर. विमल कुकरसकट बाहेर आली, पोरं पुस्तकं टाकून आली, आणि ज्यांच्या हातात हातोडा होता ते माणिकप्पाही तो टाकून पळाले. मीही पळालो (कशाला, ते अजून कळलेलं नाही). मग ध्यानात आलं, आई कुठं दिसत नाही. घर पाहिलं, मोरी पाहिली. आई कधी जाऊन बसली होती कोण जाणे, तुमच्या गाडीच्या मागच्या सीटवर गाढ झोपली होती. एवढ्या ठोकाठोकीत.

उठल्यावर विचारलं, तर म्हणाली, "जावयाची अमानत हाय. चाक खिळखिळं करून ठेवलंत, मग राखण नको व्हय?"

तेव्हापासून ती रोज राखणीला गाडीत झोपते. (खाली विटा लावल्या आहेत, काळजी नसावी.) बोल्ट निघाला की त्याच दिवशी गाडी नांदेडला पोचवायची, असं तिने मला बजावलं आहे, तसं लिहितो. उशिराबद्दल राग नसावा.

आपला मेहुणा,
रामकिशन

ता. क. – इथवर आईला वाचून दाखवलं. पुढचं नाही. बोल्ट परवाच निघाला. आई दळण आणायला गेली होती तेव्हा वेल्डिंगवाल्याने त्याच्यावर नट चिकटवून काढून दिला. पंक्चर काढलं, नवा बोल्टही बसवला. मग कोपऱ्यावर आई दिसली, आणि मी काय केलं माझं मलाच समजत नाही, चाकाची हवा सोडून दिली. अजून निघाला नाही म्हणून सांगितलं. तुम्हाला गाडीची नड असेल तर मी उद्या आणून देतो. नसेल तर आईच्या नावाने दोन ओळी टाका, की नवा बोल्ट नांदेडात मिळत नाही, मिळेपर्यंत गाडी तुम्हीच सांभाळा. जावयाचा शब्द ती मोडत नाही.

आणखी एक – अक्काला यातलं बोलू नका, तिच्या पोटात राहत नाही. आज सकाळी आईला चहाला बोलवायला गेलो तर काचेवर ऊन आलेलं, आणि ती तोंड उघडं टाकून झोपलेली. वर्षभरात पहिल्यांदाच तिला उठवायची वेळ आली होती. उठवलं नाही.