विहिरीची सवय

१९ जून

डॉक्टर मला ‘आजी’ म्हणाला! त्रेसष्ट वर्षांची आहे मी. तो स्वतः दवाखान्याच्या चार पायऱ्या चढून आला की धापा टाकतो.

‘आजी, खांदा आता एवढाच वर जाणार. डबे वरच्या फळीवर ठेवायचे नाहीत.’

मी काय डबे ठेवायचं विचारायला गेले होते? मार्चमध्ये सायकलवरून पडले, डावा खांदा मोडला, आत प्लेट बसली – सगळं मान्य. पण डिसेंबरमध्ये इथे श्रीवर्धनला ट्रायथलॉन आहे. जवळजवळ दोन किलोमीटर समुद्रात पोहणं, मग नव्वद सायकल, मग एकवीस पळणं, सगळं साडेआठ तासांत. पडायच्या आधीच मी नाव दिलंय. ते जमेल का, एवढंच विचारलं. तो हसला! मी रागावले की कॉन्व्हेंटचं इंग्रजी बाहेर येतं. कंपाउंडर दारात येऊन उभा राहिला.

२२ जून

हेमालीचा फोन. पोटची पोर, पण बोलते विमा एजंटसारखी. खारघरचा फ्लॅट, लिफ्ट, समोर हॉस्पिटल, ‘आई, तुला सोबत होईल.’ मी कुणाकडे सोबत मागितली?

शेवटी तिनेच पैज लावली. शर्यत वेळेत पूर्ण केली तर खारघरचा विषय कायमचा बंद. नाही जमली तर जानेवारीत वाडी मक्त्याने द्यायची आणि मी तिच्याकडे जायचं.

‘कबूल!’ म्हटलं आणि फोन आपटला. तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली, फोन आपटण्याची मुभा कधी नव्हती. आता आहे.

नंतर मागच्या दारी वाडीत गेले. वादळात निम्म्या पोफळी आडव्या झाल्या. त्यानंतर लावलेली रोपं आत्ता कुठे माझ्या डोक्यावरून गेलीत. त्यांना पहिली सुपारी धरायच्या आत मी खारघरला लिफ्टमध्ये?

३ जुलै

समुद्र खवळलेला. म्हणून वाडीतली विहीर. निवृत्तीनंतर पोहायला शिकले ती याच विहिरीत. पावसाने काठोकाठ भरलीय, चांगली रुंद आहे. कमरेला दोर, दोराचं टोक सोनूबाईकडे. ती वाडीत कामाला येते, आता माझ्या जिवाचीही राखण करते. मी गोल गोल फिरते, ती कठड्यावर छत्री धरून बसते.

‘बाई, म्हस बी येवढा येळ डुंबत न्हाय.’

‘म्हशीला डिसेंबरात शर्यत नसते.’

‘म्हून तर ती सुखी हाय.’

१८ जुलै

डावा हात कानाला लागला! डॉक्टरला पेढे पाठवणार नाही.

३० ऑगस्ट

हेमाली गणपतीला आली. एकटीच. जावई टूरवर! राहुलच्या कंपनीत दुसरं कुणी नाहीच का? सणासुदीला बायकोला एकटीला गाडी चालवत पाठवतो. माणगावपासून रस्त्याला नुसते खड्डे. मी तिला चार शब्द ऐकवले, त्याला सांग म्हटलं. ‘सांगते’ म्हणाली आणि नारळ खवायला बसली.

तिची खोली झाडून ठेवली होती. झोपायला आली माझ्या खोलीत. ‘तुझा पंखा चांगला आहे.’ दोन्ही पंखे एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणलेले!

१४ सप्टेंबर

आज पहिल्यांदा समुद्रात. काय शोभा झाली!

कान्हा कोळ्याची होडी सोबतीला घेतली होती. समोर होडी नांगरलेली, तिथपर्यंत सरळ जायचं. मी मान खाली घालून जोरात हात मारले. वर पाहिलं तर होडी नाही. उजवीकडे, लांब कुठेतरी. पुन्हा दिशा धरली. पुन्हा तेच!

कान्हा ओरडला, ‘बाय, हरिहरेश्वराला निघालीस काय? दर्शनाला?’

किनाऱ्यावर सोनूबाई पोट धरून हसत होती. ‘बाई, हीर मागं ऱ्हायली! आता तरी सरळ जावा!’

१६ सप्टेंबर

दोन दिवस संतापले, मग डोकं चाललं. अडीच महिने विहिरीत एकाच बाजूने फिरले – डावीकडे. त्यात डावा हात लंगडा. आता अंगाला वळायचीच सवय झालीय! साधी गोष्ट. आता विहिरीत उलट्या फेऱ्या. पहिल्या पाच मिनिटांत खांद्यातून अशी कळ गेली की कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी ज्या शब्दासाठी तोंड साबणाने धुतलं होतं तो शब्द बाहेर आला. सोनूबाईने विचारलं, देवाचं नाव हाय काय? हो म्हटलं.

५ ऑक्टोबर

होडीला हात लावला. सरळ गेले. कान्हा म्हणाला, ‘आता कशी शानी झालीस!’

२ नोव्हेंबर

शेखाडीच्या चढावर गुडघा गेला. सायकल टेम्पोत घालून घरी आले. गुडघा नारळाएवढा सुजलाय. आज लिहायचं नव्हतंच.

हेमालीला सांगितलं. वाटलं, आता खूश होईल. तिने नाक ओढलं. मग ‘सोड ना आई. ये ना.’ आवाज कसातरीच. सर्दी असेल. त्या खारघरला हवा कुठे धड आहे!

सोडणार नाही.

२५ नोव्हेंबर

गुडघा ताळ्यावर. चढ लागला की उतरायचं आणि सायकल ढकलत न्यायची. नियमात बसतं – मी आयोजकांना तीनदा फोन करून खात्री केलीय. तिसऱ्यांदा त्यांनीच ओळखलं.

१३ डिसेंबर

हेमाली आली. एकटी. उद्या शर्यत आहे, भांडणात दम घालवायचा नाही.

१४ डिसेंबर

बोटं दुखतायत, तरी लिहिणार.

सकाळी माईकवरचा मुलगा: ‘आपल्या आजींसाठी टाळ्या!’ मी माईक मागितला. दिला नाही.

आणि पोहायचा मार्ग – सगळी वळणं डावीकडे! तीन आठवडे घालवले ती सवय मोडण्यात. आधी सांगायला काय झालं होतं? तरणी पोरं वळणावर एकमेकांना लाथा मारत होती, मी मधून अलगद वळले, विहिरीत वळते तशी. मधल्या अंतरात मात्र सरळ. कान्हा सुरक्षेच्या होडीवर होता. ‘बाय, आज देवदर्शन न्हाय?’ तोंडात पाणी होतं म्हणून वाचला.

सायकलवर शेवटून दुसरी. शेखाडीचा चढ चालत. एक पोरगा खाली बसून रडत होता, पायात गोळे आले होते. म्हटलं, रडायचं ते चालता चालता रड. उठला. पुढे मला मागे टाकून गेला, कृतघ्न!

पळणं म्हणजे पळणं नव्हतंच. गुडघा प्रत्येक पावलाला शिव्या देत होता. शेवटच्या टप्प्यात मंडप काढायला सुरुवात झालेली दिसली आणि माझं अवसान गळलं. थांबलेच. तेवढ्यात किनाऱ्याच्या भिंतीपलीकडून हेमाली. एका हातात चपला, अनवाणी पळतेय माझ्या बरोबरीने. ‘आई, थांबू नकोस! अजून वेळ आहे! चल ना, चल!’

पैज हरायला एवढं पळतं का कुणी?

वेळ संपायला चार मिनिटं असताना पोचले. पदक गळ्यात. हेमाली मला धरून अशी रडली की लोकांना वाटलं, तिनेच शर्यत पुरी केली.

विषय बंद. मी इथेच.

१५ डिसेंबर

तिच्या गाडीतून पिशवी काढायला गेले. डिकीत तीन सुटकेस, चादरीत बांधलेली गादीची वळकटी आणि मिक्सर. शर्यत बघायला मिक्सर कोण आणतं?

‘राहुल मे महिन्यातच मला टाकून गेला, आई. घर खायला उठतं.’

मे! पैज जूनमधली. सोबत हवी होती ती तिला. तीस वर्षं लोकांचे फोन जोडले, नुसत्या श्वासावरून ओळखायची लाइनवरचं माणूस रडतंय ते.

स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचे डबे सरकवले आणि तिचा मिक्सर तिथे ठेवला. दोन्ही हातांनी. हात पोचला.